शंभरातला एक

संगणकावर समाज उभा करताना त्यातल्या प्रत्येकाला वेगळा स्वभाव द्यावा, की एकच सरासरी माणूस हजार वेळा वापरावा? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलेलं एक उदाहरण मला इथे निर्णायक वाटतं. चौकात शंभर माणसं आहेत. एक जण कुणाचीही वाट न पाहता दगड उचलतो, दुसरा एकाने उचलल्यावर, तिसरा दोघांनी उचलल्यावर, आणि शेवटचा नव्याण्णवांनंतर. दंगल शंभर जणांची होते. आता फक्त दुसऱ्याच्या जागी दोघांची वाट पाहणारा, जरा सबुरीचा माणूस ठेवा. पहिला दगड पडतो आणि सगळं तिथेच थांबतं. सरासरीत फरक पडला तो ०.०१ एवढाच! पहिल्या जमावाला वर्तमानपत्रं दंगलखोर ठरवतील, दुसऱ्या वेळी एकच माथेफिरू आणि बाकी सज्जन, असं ग्रॅनोव्हेटरच म्हणतात.

यावर अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांचा दाखला दिला जातो. पटावरच्या दोन रंगांच्या, एरवी एकसारख्या सोंगट्यांना आपल्यासारखे थोडे शेजारी हवेत, एवढ्याच नियमावर त्यांनी वस्त्या विलग होताना दाखवल्या. स्वभाव लागलाच नाही. पण १९७१च्या त्याच निबंधात, वस्ती कोणत्या क्षणी रिकामी होऊ लागते हे पाहताना, त्यांनाही प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी धरावी लागली.

मग स्वभाव द्यायचा तो कसा? मनमिळाऊपणाला सात गुण, चिडखोरपणाला तीन, हा सोपा मार्ग मला पटत नाही. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही, हे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८मध्येच दाखवलं. पुढे युइची शोडा यांच्यासह त्यांनी उन्हाळी शिबिरातली मुलं अभ्यासली. एखादं मूल सवंगड्याने चिडवलं की भडके, मोठ्यांनी दटावलं की गप्प बसे, आणि हीच घडी पुन्हा पुन्हा दिसे. स्वभाव म्हणजे अशी ‘असं झालं तर तसं’ची घडी; दगड उचलणाऱ्यांचा ‘किती जणांनंतर’ हा उंबरठाही तसाच नियम आहे.

इतके नियम घातले तर हवा तो निकाल काढता येईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. म्हणूनच नियम निकाल पाहून बेतू नयेत, माणसांकडून आधी मोजून घ्यावेत. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,०५२ जणांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखतींवरून त्यांच्या संगणकी प्रतिकृती केल्या. ती माणसं दोन आठवड्यांनी स्वतःच्याच उत्तरांशी जितकी जुळली, त्याच्या ८५ टक्के अचूकतेने प्रतिकृती जुळल्या. हे मोठंच यश आहे. पण ती मुख्यतः एकट्याने दिलेली उत्तरं. शेजाऱ्याने दगड उचलल्यावर तोच माणूस काय करील, हे त्याला अजून कुणी नीट विचारलेलं नाही.