किटणाखालचं हाड

दुखल्याशिवाय दातांच्या दवाखान्याची पायरी चढायची नाही, असं मी कित्येक वर्षं मनापासून मानत होते. आणि दात साफ करून घेणं तर नकोच. मशीन लावलं की दात हलायला लागतात, हे आमच्या सातारा भागात कुणीही सांगेल. पुरावाही समोरच होता. शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या खालच्या दातांत फटी दिसू लागल्या. इकडे आई रोज मिश्री लावायची, आणि तिच्या हिरडीतून कधी रक्ताचा टिपूस नाही.

आज माझं मत अगदी उलट आहे, आणि ते बदलायला आईचाच एक्स-रे कारण झाला.

तिचा खालचा पुढचा दात हलू लागला म्हणून तिला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे अलगद सरकवली. निरोगी हिरडीत ती फार तर ३ मिलिमीटर आत जाते. आईच्या त्या दातापाशी ७ मिलिमीटर गेली. एक्स-रेत मुळाभोवती हाड दिसायला हवं, तिथं नुसती काळी जागा होती. "काकू, कधी दुखलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "न्हाई वो, कधीच न्हाई."

या आजाराचं सगळ्यात वाईट तेच. किडलेला दात ठणकतो, रात्र रात्र जागवतो. हिरडीखालचं हाड मात्र बिनबोभाट झिजत जातं. लवकर कळायची खूण म्हणजे घासताना येणारं रक्त, आणि तंबाखू नेमकी तीच झाकते, कारण निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. आईला ती सोडणं फार जड गेलं, अजूनही जातं.

काकूंच्या फटींचाही उलगडा झाला. दातांवरचा मऊ थर रोज निघाला नाही, तर लाळेतल्या कॅल्शियममुळे काही दिवसांतच त्याचं किटण होतं आणि मग ते ब्रशने निघत नाही. त्याच्या लगतची हिरडी सुजते, पुढे हाड खचतं, आणि मोकळी झालेली जागा किटणच भरून ठेवतं. ते काढलं, सूज उतरली, की फट उघडी पडते. काकूंचे दात दवाखान्यात जाण्याआधीच सैल झाले होते.

हिरडीतून रक्त आलं की आमच्याकडे तिथं घासणं बंद करायचे. या बाबतीत १९६५ साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्याही झाल्या. म्हणजे रक्त येतं तिथं मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण घासायलाच हवं. सूज अशी ओसरते. एकदा गेलेलं हाड मात्र सहसा आपणहून भरून येत नाही, म्हणून दुखायच्या आधी जायचं.

खर्चाची अडचण खरी आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम कमी पैशांत होतं, पण गावाकडून तिथवर जायचं म्हणजे मजुरी बुडते. त्यापेक्षा गावाजवळच, मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या माणसाचे पाय आणि डोळे बघतात तशा हिरड्याही बघाव्यात, असं मला कळकळीने वाटतं. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणं अवघड जातं, हे आता पक्कं ठाऊक आहे. आईची साखर वर्षानुवर्षं तपासली जात होती. तोंड उघडा, असं तिला एकदाही कुणी म्हटलं नाही.