दाता पाहिजे

माणसानं बँकेत काय ठेवावं याला काही धरबंध असावा, असं वीस वर्षं काउंटरवर बसून आमचं मत बनलं आहे. पैसे ठेवावेत, दागिने ठेवावेत, फार तर लॉकरमध्ये सासऱ्याचं मृत्युपत्र ठेवावं. पण २०१२ साली अमेरिकेत बोस्टनजवळ ‘ओपनबायोम’ नावाची एक बँक निघाली आणि तिच्यात लोक सकाळी सकाळी जे भरायला जाऊ लागले, ते... वाचकहो, चहा घेत असाल तर कप खाली ठेवा... ते म्हणजे परसाकडे गेलेला माणूस मागे वळून न बघता जे सोडून येतो, तेच! वर भरणा केल्याबद्दल खातेदारालाच खेपेला चाळीस डॉलर. इकडे आम्ही मुदत ठेवीवर म्हाताऱ्यांना अर्धा टक्का जास्त देतो, अशी पाटी लावून बसलोय, तरी कुणी फिरकत नाही.

हे ऐकून आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यानं लगेच व्हाउचरच्या पाठीवर वार्षिक उत्पन्नाचा हिशेब मांडला. पण तिथं खातं उघडणं सोपं नव्हतं. अर्ज करणाऱ्या शंभरांतले तीनसुद्धा पास होत नसत. रक्त तपासायचं, ‘ठेव’ तपासायची, शिवाय औषधं, प्रवास, वजन, सवयी, सगळ्याची उलटतपासणी. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या कर्जाला सात-बारा, आठ-अ आणि दोन जामीनदार मागितले तर बारामतीतले लोक जाच म्हणतात. त्यांनी जरा तिकडे जाऊन बघावं.

आता एवढं असतं तरी काय त्यात? तर जंतू. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू बिनभाड्यानं राहतात. ते आपल्याला न पचलेला चोथा पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. हे तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. जोरदार प्रतिजैविकं घेतली, की दुखण्याच्या जंतूंबरोबर हे जुने भाडेकरूही मरतात. मग रिकाम्या प्लॉटवर रातोरात टपरी उभी राहावी, तसा एखादा उपटसुंभ तिथं येऊन बसतो. त्यातल्या एकाचं नाव आहे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. डिफिसिल म्हणजे लॅटिनमध्ये अवघड. हा आला की जुलाब सुरू होतात. औषधानं थांबतात, औषध संपलं की पुन्हा सुरू. मग एक उपाय असा, निरोगी माणसाच्या पोटातली वस्ती उचलून रोग्याच्या पोटात वसवायची. आपण दुधाला विरजण लावतो, तसलंच हे. फक्त विरजण शेजारणीकडून मागून आणतात त्या वाटीत नव्हे.

ही काही अमेरिकेची नवी टूम नाही. चौथ्या शतकात चीनमध्ये ग हाँग नावाचा वैद्य हे औषध तोंडावाटे देत असे. (त्याची फी लोक आधी देत की नंतर, कोण जाणे.) डेन्व्हरच्या आयझमन नावाच्या सर्जननं १९५८ साली चार रोग्यांवर हा इलाज केल्याचं छापलं. हॉलंडच्या डॉक्टरांनी सोळा रोग्यांना तो दिल्याचं २०१३ साली छापलं. तेरा जण पहिल्याच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसत्या व्हँकोमायसिन औषधावर ठेवलेल्या तेरांतले चारच बरे झाले. फरक इतका उघड दिसू लागला, की प्रयोग मध्येच थांबवावा लागला. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? रवंथ बंद पडलेल्या गाईला धडधाकट गाईच्या पोटातला रस पाजायचा, ही युक्ती गुरांच्या डॉक्टरांना कितीतरी जुनी ठाऊक आहे.

हे सगळं ज्ञान मला हौसेनं झालेलं नाही. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला माझी आत्या असते. तिला न्यूमोनिया झाला, एका दवाखान्यात भारी औषधं झाली, छाती बरी झाली आणि पोट बिघडलं. सहा महिन्यांत हेच दुखणं तीनदा उलटलं. दरवर्षी तुकोबांची पालखी गावात आली, की ही बाई पहाटेपासून वारकऱ्यांना भाकरी-पिठलं वाढायची. त्या साली पालखी दारावरून गेली आणि आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वजन छत्तीस किलो. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी हा उपाय सुचवला आणि म्हणाले, “घरातलाच दाता बघा.”

घरात सभा भरली. आधी सगळे गंभीर होते. आत्यासाठी एक मूत्रपिंड द्यायला तयार आहोत, असं तिघांनी सांगितलं. काय हवं ते कळल्यावर तिघेही म्हणाले, “त्यापेक्षा मूत्रपिंडच घ्या.” समजूत काढून एकेकाला उभं केलं, तर डॉक्टर एकेकाला बाद करत गेले. आतेभावाला साखर. हिंजवडीच्या पुतण्यानं दोनच महिन्यांपूर्वी साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा कोर्स घेतलेला. धाकट्यानं नुकतंच दंडावर छत्रपतींचं चित्र गोंदवून घेतलेलं, त्यामुळे तोही गेला. मी उभा राहिलो, तर त्यांनी माझ्या पोटाकडे बाहेरूनच बघितलं आणि आतून बघायची तसदी घेतली नाही. अठरा माणसांचं खटलं, पण निरोगी म्हणावं असं पोट सापडेना!

डॉक्टरांची ही कडक शिस्त उगाच नव्हती. २०१९ साली अमेरिकेत नीट न तपासलेल्या ठेवीतून औषधांना न जुमानणारे जंतू दोन रोग्यांच्या पोटात गेले आणि त्यांतला एक दगावला. तेव्हा हा घरगुती उपाय नव्हे, हे मी इथंच ठणकावून सांगतो.

सगळ्या चाचण्यांत पास झाली ती एकच व्यक्ती, आत्याची सून. आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. आत्या माळकरी. सून मटण खाणाऱ्या घरातली. सासरी तिनं ते सोडलं होतं, पण माहेरी गेली की रविवार साजरा होतो, हे आत्याला पक्कं ठाऊक. पंधरा वर्षं आत्यानं तिच्या हातचं पाणी देवापुढे ठेवू दिलं नव्हतं. आता पाण्याचं सोडाच! सून मात्र एवढंच म्हणाली, “मला कधी जायचं ते सांगा,” आणि चाचणीची डबी घेऊन पुण्याच्या गाडीत बसली. आत्याला सांगताना डॉक्टरांनी ‘चांगले जंतू’ एवढाच शब्द वापरला. दुर्बिणीची नळी घातली आणि पंधरवड्यात आत्या भाकरी मागू लागली.

आमच्या पुण्यातही या विषयाची मोठी पेढी आहे, हे मला नंतर कळलं. तिथल्या सूक्ष्मजीव केंद्राला २०११ सालीच जंतूंच्या ठेवी स्वीकारण्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आमच्या शाखेला अजून परकीय चलनाचीसुद्धा नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली, तीन पिढ्या एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन कुटुंबांतल्या पोटांचा अभ्यास छापला. वयाप्रमाणे आतली वस्ती पालटत जाते, असं त्यांना दिसलं. तीन पिढ्या एका छपराखाली नांदणारी दोन कुटुंबं त्यांनी शोधली कशी, याचंच मला जास्त कौतुक. तेव्हापासून मी सर्दीला गवती चहा घेतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव शिंकेपायी मोडायची नाही.

पुढच्या आषाढात आत्या पुन्हा वाढायला उभी राहिली. ‘चांगले जंतू’ कुणाचे आणि कुठून आले, हे तोवर कुणीतरी तिच्या कानात घातलंच होतं. मी घाबरत घाबरत विषय काढला. तिनं पिठल्याचा डाव तसाच हातात धरला, सुनेकडे बघितलं आणि म्हणाली,

“काय रं, पंधरा वरसं हिच्या पोटात शिरायला बघत होते. पर शेवटी हीच माझ्या पोटात शिरली बघ!”

मग डाव सुनेच्या हातात देऊन म्हणाली, “वाढ तू. मी जरा टेकते.”