पल्ल्याच्या कडेवरचे नांदगाव

आकाशवाणीच्या मध्यमलहरी केंद्रांचा इतिहास बहुधा स्टुडिओत बसून लिहिला जातो. तो पल्ल्याच्या कडेवरून पाहायचा, तर मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे नांदगाव योग्य ठिकाण आहे.

मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढू लागते, तेव्हा या इतिहासाचे पहिले पर्व मागे पडलेले असते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा, खात्रीचा पल्ला पन्नासेक किलोमीटरचा. घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. 1930 मध्ये कंपनी बुडाली, प्रसारण सरकारकडे गेले आणि 1936 मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

मनमाडनंतर नांदगाव येते. औरंगाबादला रेल्वे पोचण्याआधी वेरूळचे प्रवासी इथेच उतरून टांगा करत. लेण्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. याच नाशिक जिल्ह्यातल्या गावांनी रेडिओवर केलेल्या प्रयोगाची आठवण मात्र फार थोड्यांना आहे.

पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने त्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे निवडले गेले आणि त्यांत नाशिक होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. पाहणी करणारे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी निष्कर्ष काढला, की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्याच्या आधारे यंत्राला दुय्यम ठरवणे चुकीचे आहे. चर्चा होण्याआधी शब्द स्पष्ट कानी पडावा लागतो, आणि पुण्यापासून दोनशे किलोमीटरवर ती पहिली अडचण असते.

ती अडचण 1976 मध्ये सुरू झालेल्या जळगाव केंद्राने बरीच कमी केली. 963 किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे 311 मीटर लांबीची लहर. शक्ती 20 किलोवॉट. नांदगावपासून अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत. दिवसा ही लहर जमिनीलगत सरकत येते. काळी ओली माती तिला चांगली वाट देते, कोरडा कातळ तिची शक्ती खातो. रात्री वातावरणाचा लहरी शोषणारा थर विरतो, दूरची केंद्रे उतरतात आणि जवळचा आवाज त्यांच्यात मिसळून गढूळ होतो.

नांदगावात लॉजच्या खोलीत तर मध्यमलहर ऐकणेच कठीण. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर अखंड खरखर करतात, ती थांबवण्याची सोय नसते. संच गच्चीवर नेऊन त्याची रुंद बाजू ईशान्येकडे केली, की आतल्या फेराइट दांडीला जळगावची लहर सर्वांत चांगली सापडते.

अलीकडे प्रसारभारतीने अनेक जुने मध्यमलहरी ट्रान्समीटर बंद करून एफएमवर भर दिला आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याचा पल्ला मनोऱ्याची उंची आणि मधले डोंगर ठरवतात. नाशिक आणि जळगाव यांच्या मधल्या या पट्ट्यात तो फरक थेट जाणवतो.