खतावणीचे पान फाटते तेव्हा

पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या कशासाठी, हा प्रश्न व्यापारी घरातला नव्याने गादीवर बसणारा प्रत्येक मुलगा एकदा तरी विचारीत असे. व्यवहार एकच, मग तो दोनदा लिहिण्याचा खटाटोप का? रोजकिर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरतात; खतावणीत तेच खातेवार मांडले जातात. कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, हे चटकन सांगते ती खतावणी. पण खतावणीचे पान उंदराने कुरतडले किंवा गळक्या छपराखाली भिजले, तर मागची बाकी आणि रोजकीर्द समोर ठेवून ते पान पुन्हा उभे करता येते. रोजकीर्दच गेली, तर उरलेली खतावणी खरी की खोटी हे सांगायला साक्षीदार राहात नाही.

संगणक आले आणि वह्या गेल्या. ही रीत मात्र गेली नाही. आज बँका, पतसंस्था, दवाखाने, मोठी दुकाने यांचे हिशेब बहुतांशी रिलेशनल डेटाबेसमध्ये असतात. या पद्धतीची मूळ कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने जून १९७० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. तेव्हा ते आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. माहिती कोष्टकांत ठेवावी आणि एका कोष्टकाचे दुसऱ्याशी असलेले नाते खातेक्रमांकासारख्या सामाईक मूल्याने जुळवावे, असा तो विचार. निबंधाच्या शीर्षकात ‘डेटा बँक्स’ हे शब्द होते, हा एक गोड योगायोग. मधेच वीज गेली तरी व्यवहार अर्धवट राहू नये याचा पाया पुढे जिम ग्रे यांच्यासारख्या संशोधकांनी घातला. मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले आणि आय.बी.एम.मध्ये संशोधन करणारे सी. मोहन यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यांसह ‘एरीज’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा जुन्या मुनीमजींना एका वाक्यात कळला असता: आधी रोजकीर्द, मग खतावणी. बदलाची नोंद लॉग नावाच्या फाइलमध्ये पक्की झाल्याखेरीज तो बदल डेटा फाइलमध्ये कायम करायचा नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले की लॉग वाचून घडलेले सारे पुन्हा घडवायचे आणि जे व्यवहार पूर्ण झाले नव्हते ते उलटवायचे. उलटवण्याचीही नोंद लॉगमध्ये करायची. बँकेत खाडाखोड चालत नाही, चुकीची नोंद उलट नोंदीने फिरवावी लागते. येथेही तोच शिरस्ता आहे.

डेटा फाइल ही लहान लहान पानांची बनलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये एक पान ८ किलोबाइटचे. प्रत्येक पान डिस्कवर लिहिताना त्यातील मजकुराची एक प्रकारची बेरीज, म्हणजे चेकसम, काढून त्याच पानाच्या माथ्यावर नोंदवली जाते. वाचताना ती पुन्हा काढून ताडून पाहिली जाते. जुळली नाही, तर पान बिघडले असे समजायचे. त्रुटींचे क्रमांकही ठरलेले आहेत. ८२३ म्हणजे पान डिस्कवरून वाचताच आले नाही. ८२४ म्हणजे वाचता आले, पण आतला मजकूर जुळत नाही. तिसरा क्रमांक ८२५. पान पहिल्या प्रयत्नात मिळाले नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर मिळाले, एवढेच तो सांगतो. काम थांबत नाही, पडद्यावर काही दिसत नाही, फक्त नोंदपुस्तकात एक ओळ पडते. तिघांत खरा हितचिंतक हाच, आणि दुर्लक्ष होते तेही याच्याकडेच.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावातील पतसंस्थेत जे घडले, ते या साऱ्याचे चालते-बोलते उदाहरण होते. आषाढातला मंगळवार. सायंकाळी दिवसाचे काम संपवून लॉगची रोजची प्रत घेतली गेली होती, खातेवार बाकीची यादी छापून झाली होती. त्यानंतर पिग्मी एजंटांनी आणलेली दिवसभराची वसुली संगणकात चढवणे चालू असताना रात्री आठच्या सुमारास वीज गेली. यू.पी.एस.च्या बॅटऱ्या बदलण्याचा विषय तीन सभा पुढे ढकलला गेला होता, त्यामुळे यंत्र त्याच क्षणी बंद पडले. बुधवारी सकाळी ऑपरेटर मुलाने ते सुरू केले आणि तो लेखापाल बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“बाई, प्रोग्रॅम उघडेना. डेटाबेसच्या नावापुढे ‘सस्पेक्ट’ असं येतंय.”

बँकेच्या हिशेबात सस्पेन्स खाते असते. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तेथे ठेवतात. ‘सस्पेक्ट’चा अर्थ ‘संशयित’ असला, तरी भाव तोच. सुरू होताना डेटाबेस लॉग वाचून आपला हिशेब जुळवू पाहतो. त्या कामाला लागणारे एखादे पानच वाचता आले नाही, तर तो स्वतःला संशयित ठरवून दार लावून घेतो. हे दार लावून घेणे शहाणपणाचे असते. पण बाहेर उभ्या असलेल्या ठेवीदाराला ते दिवाळखोरीसारखे दिसते.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती अशी, की कोणालाही कळफलकाला हात लावू दिला नाही. डेटाबेसची सेवा बंद करवून डेटा फाइल आणि लॉग फाइल, दोन्ही जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावल्या. त्याला चाळीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात काउंटरपुढे गर्दी जमली. शेजारच्या तालुक्यात एक पतसंस्था बुडाल्याला फार दिवस झाले नव्हते. ‘कॉम्प्युटर गेला’ हे शब्द बाजारपेठेत पोहोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. अध्यक्ष अण्णा स्वतः आत आले.

“बाई, लोक विचारायला लागलेत. पुण्याचा माणूस फोनवर म्हणतोय, एक कमांड दिली की दहा मिनिटांत चालू होईल.”

“अण्णा, त्या कमांडचं पूर्ण नाव तेवढं त्याला वाचून दाखवायला सांगा.”

नाव होते ‘रिपेअर अलाऊ डेटा लॉस’. माहिती गमावण्याची मुभा देऊन केलेली दुरुस्ती. करणाऱ्यांनी नावातच इशारा लिहून ठेवला आहे, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. बिघडलेले पान उपटून फेकायचे आणि उरलेली पाने एकमेकांना जोडून घ्यायची, असे त्या दुरुस्तीचे स्वरूप असते. पानावर पाच-पन्नास नोंदी असतील तर त्या गेल्या. नंतर तपासणी केली की यंत्र निर्वाळा देते, सर्व ठीक आहे. कोष्टक निर्दोष असते. भाजीवाल्या मावशींचे खाते त्यात नसते. हा उपाय अगदीच निषिद्ध आहे असे नाही. कोणतीही प्रत हाताशी नसेल, तर तोच उरतो. पण तो शेवटचा उपाय, दहा मिनिटांचा पहिला उपाय नव्हे. दुसराही सल्ला आला होता: डेटाबेस सर्व्हरवरून सुटा करून पुन्हा जोडावा. तो त्याहून घातक, कारण संशयित डेटाबेस एकदा सुटा झाला की सर्व्हर तो सहसा परत जोडून घेत नाही.

अण्णा क्षणभर थांबले. मग काउंटरबाहेर जाऊन त्यांनी लोकांना सांगितले, की यंत्र बिघडले आहे, वह्या शाबूत आहेत, आणि ज्याला आज अत्यंत गरज आहे त्याला आजच पैसे मिळतील. नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेव मोडायला आलेल्या एका बाईंना पासबुक आणि आदल्या सायंकाळची छापील यादी ताडून, व्हाउचरवर दोन सह्या घेऊन रक्कम देण्यात आली. ती यादी रोज छापण्यावरून ‘कागद वाया जातो’ अशी कुरकूर याच संस्थेत अनेकदा झाली होती.

दुपारी खरे काम सुरू झाले. त्रुटींच्या नोंदपुस्तकात ८२४ क्रमांक होता आणि बिघडलेल्या पानाचा पत्ताही. पान डेटा फाइलमधले होते. लॉग फाइल धड होती. म्हणजे खतावणी फाटली होती, रोजकीर्द शाबूत होती. अशा वेळी लॉगच्या शेवटच्या, अजून प्रत न घेतलेल्या भागाची प्रत आधी काढून घेता येते. तंत्रज्ञ तिला ‘टेल लॉग’, शेपटीची प्रत, म्हणतात. मंगळवारच्या रात्रीची पिग्मी वसुली त्या शेपटीत होती. भाजीवाले, रिक्षावाले, चहाची गाडी लावणारे यांचे वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये. ती प्रत निघाली तेव्हा ऑपरेटरने पहिल्यांदा घोटभर पाणी प्यायले.

त्याचे समाधान फार वेळ टिकले नाही. दर शनिवारी रात्री संपूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घेतली जाई. गेल्या शनिवारचा ड्राइव्ह लावला, तर फाइल अर्ध्यावर येऊन थांबली, वाचता येईना. प्रत घेतली गेली होती, वहीत बरोबरची खूण होती, पण ती कोणी उघडून पाहिलेली नव्हती. त्याआधीच्या शनिवारचा ड्राइव्ह कपाटात होता. तो वाचला गेला. मात्र ती प्रत अकरा दिवसांची जुनी. मधल्या काळातले काय?

येथे जुन्या मुनिमाचा हिशेब कामास आला. खतावणी दीपावलीच्या बाकीवरून उभी करा नाहीतर पाडव्याच्या. मधल्या प्रत्येक दिवसाची रोजकीर्द हाती असेल, तर उत्तर एकच येते. मधली संपूर्ण प्रत वाया गेली तरी लॉगच्या प्रतींची साखळी त्यामुळे तुटत नाही. कामकाजाच्या आठ सायंकाळच्या आठ प्रती होत्या. एका वेगळ्याच संगणकावर आधी जुन्या शनिवारची संपूर्ण प्रत चढवली, मग सोमवारची, मंगळवारची, अशा क्रमाने आठही, आणि शेवटी शेपटी. एकही प्रत गाळून पुढे जाता येत नाही, यंत्रच नकार देते. रात्री साडेनऊला डेटाबेस उघडला. तपासणीची आज्ञा दिली, दोष शून्य.

बाई तेवढ्यावर उठल्या नाहीत. पाने धड आहेत हे यंत्राने सांगितले. हिशेब धड आहे हे माणसाने पाहायचे होते. छापील यादीशी तेरीज ताडली, पैशापर्यंत जुळली. मग पिग्मीची बेरीज एजंटांच्या पावतीपुस्तकांशी लावली आणि पन्नास रुपयांचा फरक आला. अर्ध्या तासाने तो सापडला: वीज गेली त्या क्षणी ऑपरेटर शेवटची पावती भरत होता. तो व्यवहार पूर्ण झाला नव्हता म्हणून पद्धतीने तो उलटवला होता. यंत्राने आपले काम चोख केले होते. पावती नव्याने चढवली आणि फरक शून्य झाला.

अशा प्रसंगी लहान गावातल्या लहान संस्थेला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जगभरातील प्रोग्रॅमर ज्या कंपनीकडे आपले काम ठेवतात त्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एका अभियंत्याने, दुय्यम सर्व्हरवरची फाइल-पेटी रिकामी करतो आहोत अशा समजुतीने, मुख्य सर्व्हरवरची पेटी पुसायला घेतली. लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. प्रत ठेवण्याचे अनेक मार्ग कागदोपत्री होते. रोजची प्रत चुकीच्या आवृत्तीच्या साधनाने घेतली जात असल्यामुळे निघतच नव्हती, आणि ती निघत नसल्याची सूचना देणारे ई-मेल पोहोचण्यापूर्वीच नाकारले जात होते. वाचवले ते दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. सहा तासांतली माहिती गेली. त्यांच्याच अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती. कंपनीने दुरुस्तीचे काम लोकांसमोर थेट दाखवले आणि सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. चूक करणाऱ्याला लोकांपुढे उभे केले नाही, व्यवस्थेतली भोके मोजली. हे आपल्याकडच्या कार्यालयांत क्वचित घडते.

पतसंस्थेतही नंतर नोंदपुस्तक मागे मागे चाळले गेले, तेव्हा ८२५ क्रमांकाच्या ओळी तीन आठवड्यांपासून पडत असल्याचे दिसले. डिस्क आधीपासूनच थकत चालली होती. विजेने फक्त निमित्त दिले. ती बदलली गेली. पुढच्याच सभेत बॅटऱ्यांचा ठराव चर्चेविना मंजूर झाला. बाईंनी आणखी एक मागणी केली: मागच्या खोलीतला जुना संगणक भंगारात देऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यावर प्रत चढवून पाहिली जाऊ लागली. त्यासाठी एक दोनशे पानी वही घातली गेली. रकाने पाच: तारीख, कोणती प्रत, चढायला लागलेली मिनिटे, तेरजेची बेरीज, सही. पहिल्या ओळीत मिनिटांच्या रकान्यात ५५ लिहिलेले आहे आणि सही ऑपरेटर मुलाची आहे.