एका कळीचे दोन धनी

मराठीतला 'कळ' हा शब्द मोठा खोडकर आहे. यंत्र चालवण्याची युक्ती ती कळ, पोटात उठणारी वेदना तीही कळ आणि दोघांत भांडण जुंपून देणे म्हणजे कळ लावणे! लॅपटॉपच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत ज्या बारा कळा असतात, त्यांना हे तिन्ही अर्थ सारखेच शोभतात.

१९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हा त्याच्या कळफलकावर डाव्या हाताला अशा दहा कळा होत्या. पुढे त्या बारा झाल्या आणि वरच्या ओळीत जाऊन बसल्या. प्रत्येक सॉफ्टवेअरने त्यांना आपापली कामे नेमून दिली. एफ-१ दाबली की मदत मिळावी, एफ-२ ने फाइलचे नाव बदलावे, एफ-७ ने शब्दांचे शुद्धलेखन तपासावे. (ही शेवटची कळ माझ्यासारख्या शिक्षकाच्या विशेष जिव्हाळ्याची.) मग लॅपटॉप आले. जागा थोडी आणि हौस दांडगी! कारखानदारांनी आवाज व उजेड कमीजास्त करण्याची कामेही त्याच कळांच्या गळ्यात बांधली, आणि कोणत्या कामाला पहिला मान द्यायचा हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांत दोन बाजूंची वाहने एकाच कमानीत समोरासमोर आली, म्हणजे जे होते तेच येथे झाले.

डोळस माणसाला ही गंमत वाटते. परंतु माझ्याकडे व्याकरण शिकायला येणाऱ्या एका मुलाला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर त्याला एन.व्ही.डी.ए. हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहावयास घेतले. पुढे जेम्स तेह हा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. ते विनामूल्य मिळते.

एके दिवशी हा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. काहीतरी अडले म्हणून त्याने एफ-१ दाबली. त्या यंत्रावर तीच कळ आवाज बंद करणारी होती. मदत मागितली आणि मदत करणाराच मुका झाला! यंत्र बंद पडले, अडकले की नुसते गप्प बसले, हे त्याला कळणार कसे? मला पडद्यावर कर्ण्याच्या चित्रावरची काट दिसत होती. पण मी बोलण्यापूर्वीच त्याने तीच कळ पुन्हा दाबली. आवाज परत आला.

"तुला कसे सुचले?" मी विचारले.

"सर, घरातली वीज गेली की आई आधी शेवटी दाबलेलं बटण बघते."

पुष्कळ लॅपटॉपांवर 'एफ-एन' आणि 'एस्केप' या कळा एकत्र दाबल्या की हा मानाचा क्रम बदलतो. त्याच्या यंत्रावर मात्र ती सोय नव्हती. यंत्र सुरू होता होता जो आरंभीचा पडदा उघडतो, त्यातच ती निवड दडलेली होती. आणि त्या वेळी वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अजून जागेच झालेले नसते. अंधांची अडचण दूर करणारी निवड नेमकी अंधांना न दिसणाऱ्या जागी ठेवावी, याला काय म्हणावे? शेवटी मी ओळी वाचत गेलो आणि तो कळा दाबत गेला.

कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या अक्षरांवर बोटांना लागणारी बारीक उंचवट्याची रेघ असते. निघताना त्याने माझ्याकडे डिंक मागितला आणि 'एफ-एन'च्या कळीवर मोहरीएवढा थेंब ठेवून तो वाळेपर्यंत बसून राहिला.