शेवटच्या कडव्यातले नाव

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटा नातू आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी त्याने टीव्हीवर सिंहाच्या छाव्याचा कार्टून सिनेमा लावला. ‘द लायन किंग’, १९९४ सालचा. त्यात एक मुंगसासारखा प्राणी आणि एक रानडुक्कर जंगलातून गाणे म्हणत चाललेले दाखवले आहेत. नातू त्यांच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागला. मी पेपर बाजूला ठेवला. चाल ओळखीची वाटली. इंग्रजी गाण्यांशी माझा काही संबंध नाही, पण ही चाल कुठेतरी, कधीतरी कानावर पडलेली होती.

कॉलेजात जाणारी नात शेजारीच अभ्यास करीत बसली होती. ती म्हणाली, “आजोबा, हे गाणं ज्याचं आहे ना, तो तुमच्यासारखाच पॅकिंगला होता.”

मी एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात बत्तीस वर्षे काढली. खोकी भरायची, पट्टी मारायची, चलनाशी नग जुळवायचे. आपण भरलेला माल कुठे जातो, कोण वापरतो, हे पॅकिंगवाल्याला कधी कळत नाही. म्हणून मी म्हणालो, “सांग बघू, कोण होता तो?” तिने मोबाईलवर आधी मूळ रेकॉर्ड ऐकवली आणि मग सगळी हकिकत सांगितली. पुढे तिच्याकडून एकेक गोष्ट वाचून घेतली. ती वाचकांपुढे ठेवतो.

त्या माणसाचे नाव सॉलोमन लिंडा. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, झुलू लोकांच्या मुलखात १९०९ साली त्याचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत थोडे शिक्षण झाले, तिथेच समूहगायन कानावर पडले. १९३१ साली पोटासाठी तो जोहान्सबर्गला आला. आपल्याकडे जशी कोकणातली, देशावरची माणसे गिरणीसाठी मुंबईत आली, तशीच तिकडे खेड्यापाड्यांतली माणसे सोन्याच्या खाणींच्या त्या शहरात येत होती. लिंडाने फर्निचरच्या दुकानात काम केले, हॉटेलात केले. गावाकडच्या मित्रांना घेऊन गाण्याची पार्टी काढली. नाव ठेवले ‘ईव्हनिंग बर्ड्स’, म्हणजे संध्याकाळची पाखरे. कामाचे कपडे उतरवून ही मंडळी पट्ट्यापट्ट्यांचे सूट आणि हॅट घालून गायला उभी राहत. आधी लग्नात गायचे, नंतर स्पर्धांत.

१९३८ च्या सुमारास लिंडा गॅलो कंपनीच्या कारखान्यात रेकॉर्डी पॅक करण्याच्या कामाला लागला. दुसऱ्यांची गाणी खोक्यात भरणारा हा माणूस स्वतःही गातो, हे कंपनीचे गायक शोधणारे ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ यांच्या लक्षात आले. १९३९ साली पार्टी स्टुडिओत उभी राहिली. गाण्याचे नाव ‘म्बुबे’. झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. खालच्या पट्टीत साथीदारांचा घुमारा चालू आहे आणि त्यावर लिंडाचा आवाज उंच तरंगतो आहे, असे ते गाणे. तिसऱ्यांदा गाताना शेवटी शेवटी लिंडाने एक नवीच चाल घेतली. आधी ठरवलेली नव्हती, तोंडातून निघून गेली. काही सेकंदांचा तो तुकडा. माझा नातू जी चाल ओरडत होता ती हीच.

रेकॉर्ड तुफान चालली. १९४९ पर्यंत तिच्या लाखभर प्रती खपल्या, असे सांगतात. त्या धाटणीच्या गायनालाच लोक ‘म्बुबे’ म्हणू लागले. आणि लिंडाला काय मिळाले? गाण्याचे हक्क त्याने कंपनीला दहा शिलिंगांना देऊन टाकले. त्या वेळच्या दराने हे आपल्याकडचे पावणेसात रुपयेसुद्धा होत नाहीत.

पुढे ही रेकॉर्ड समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. लोकगीते जमवणारे अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या हाती ती लागली आणि त्यांनी ती गायक पीट सीगर यांना दिली. सीगर यांनी गाणे उतरवून घेतले. झुलू शब्द त्यांच्या कानाला ‘विमोवे’ असा ऐकू आला, म्हणून गाण्याचे नावच ‘विमोवे’ पडले. त्यांच्या ‘वीव्हर्स’ या पार्टीने ते रेकॉर्ड केले आणि १९५२ साली ते अमेरिकाभर वाजले. रचणारा म्हणून नाव छापले पॉल कॅम्पबेल. गंमत अशी की पॉल कॅम्पबेल नावाचा माणूसच नव्हता. ते पार्टीने आणि प्रकाशकांनी घेतलेले खोटे नाव होते. आफ्रिकेतले जुने लोकगीत आहे, त्याला कसला आलाय कर्ता, असे धरून हा व्यवहार झाला. सीगर यांनी लिंडाला एक हजार डॉलर पाठवले होते. पण मनीऑर्डर वेगळी आणि हक्क वेगळा.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या ‘टोकन्स’ या तरुण मुलांच्या पार्टीने तेच गाणे पुन्हा गायले. जॉर्ज डेव्हिड वाइस यांनी त्या तिसऱ्या वेळच्या तुकड्यावर इंग्रजी शब्द बसवले, ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. डिसेंबर १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर गेले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. रेकॉर्डच्या लेबलावर लिंडाचे नाव नव्हते.

त्या वेळी लिंडा हयात होता. १९५९ साली गाता गाता तो स्टेजवरच कोसळला होता. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. १९६२ साली तो वारला. बँकेत पंचवीस डॉलरसुद्धा नव्हते. थडग्यावर नावाचा दगड बसायला अठरा वर्षे लागली.

नात इथपर्यंत आली आणि मी तिला थांबवले. म्हणालो, “जरा पाणी आण.” खरे म्हणजे मला आमचे दादा आठवले होते.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गिरणीत होते. वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग आणि चार कोरसवाले. जयंतीला, लग्नाला, बारशाला पार्टी गायची. दादा अंगठाबहाद्दर. पाळी संपवून यायचे, चहा प्यायचे आणि डोळे मिटून गाणे सांगायचे. मी शाळकरी मुलगा, वहीत उतरवून घ्यायचो. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफायचे. शाहिरांची ती रीतच आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची तीच सही.

१९८६ साली एक कॅसेट काढणारे गृहस्थ आमच्या घरी आले. दादांनी धाकट्या बहिणीसाठी रचलेला पाळणा आणि आणखी काही गाणी त्यांना हवी होती. दादा तेव्हा आजारी होते. व्यवहार मी पाहिला. कागद नाही, सही नाही. शंभराच्या दोन नोटा आणि “नाव होईल तुमचं” एवढा शब्द. मी वही देऊन टाकली. सगळी वही माझ्या अक्षरात होती, पण पहिल्या पानावर दादांचे नाव लिहावे, हे दहावी पास झालेल्या मला सुचले नाही.

सहा महिन्यांनी कॅसेट आली. गाणे छान वाजवले होते. शेवटचे कडवे मात्र नव्हते. कव्हरवर त्या गाण्यापुढे छापले होते ‘पारंपरिक’. दादांना वाचता येत नव्हते. त्यांनी कॅसेट पुरी ऐकली, बटण दाबून बंद केली आणि म्हणाले, “चांगलं म्हटलंय. शेवटचं राहिलं त्यांचं.” एवढेच. पुन्हा त्यांनी कधी विषय काढला नाही. कव्हरवर काय छापले आहे ते मी त्यांना वाचून दाखवले नाही. वही परत आली नाही. दादा गेले तोवर हे बोलायचे राहूनच गेले.

‘पारंपरिक’ हा शब्द तसा चांगला. काही गाणी खरोखरच जात्यावर पिढ्यान् पिढ्या दळली गेली, त्यांचा कर्ता कोण ते कुणालाच ठाऊक नाही. पण घाम गाळणाऱ्या माणसाचे गाणे असले, की चौकशी न करताच हा शब्द चिकटवला जातो. एकदा का गाणे सगळ्यांचे ठरले, की ज्याचे आहे त्याला काही द्यावे लागत नाही. लिंडाच्या बाबतीत समुद्रापार हेच झाले आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही हेच झाले.

पण लिंडाची हकिकत तिथे संपत नाही. २००० साली रियान मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने ‘रोलिंग स्टोन’ मासिकात सगळा हिशेब मांडला. नुसत्या ‘लायन किंग’मधल्या वापरातून या गाण्याने दीड कोटी डॉलर मिळवले, असा त्याचा अंदाज होता. लिंडाच्या मुली तेव्हा सोवेटोत गरिबीत दिवस काढत होत्या. मग ओवेन डीन या वकिलांनी १९११ सालचा एक ब्रिटिश कायदा शोधून काढला. कर्त्याने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असे त्या कायद्यात होते. म्हणजे १९८७ साली हक्क मुलींकडे यायला हवे होते! २००४ साली मुलींनी डिस्ने कंपनीवर दावा लावला. कोर्टाने कंपनीची दक्षिण आफ्रिकेतली नोंदणीकृत बोधचिन्हे अडकवून ठेवली. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या अ‍ॅबिलीन म्युझिक कंपनीने समझोता केला. मागची बाकी, पुढचा हिस्सा, आणि सॉलोमन लिंडा हा या गाण्याचा सहकर्ता आहे ही मान्यता. ही मान्यता मिळायला ६७ वर्षे लागली.

आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. नातीने तोही मला समजावून सांगितला. गाणे लिहून ठेवले की ते रचणाऱ्याचे. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी दिला ते लिहिले नसेल, तर कायदा पाचच वर्षे धरतो. आणि सगळे हक्क विकले तरी “हे मी रचले आहे” असे सांगण्याचा हक्क रचणाऱ्याकडेच राहतो. मला हे १९८६ साली माहीत असते, तर त्या गृहस्थांशी दोन शब्द बोललो असतो.

गेल्या महिन्यात मी थोरल्या बहिणीकडे गेलो. आक्काचे वय आता अठ्ठ्याहत्तर. दादांच्या गाण्यातले तिला किती आठवते ते विचारले. आधी म्हणाली, “आता कुठलं आठवायला.” मग लसूण सोलता सोलता गुणगुणू लागली. नातीने मोबाईल पुढे धरला. संध्याकाळपर्यंत पाच गाणी निघाली. पाळणाही निघाला, शेवटच्या कडव्यासकट.

वाचकहो, तुमच्या घरातही आजी असेल, मामा असेल, कुणी पार्टीत गाणारे असेल. रविवारी त्यांच्याजवळ बसा. मुलांच्या हाती वही द्या. गाणे उतरवून घ्या, आणि गाण्याच्या आधी नाव, गाव, साल लिहा.

मी नवी वही आणली आहे, दोनशे पानी. पहिल्या पानावर दादांचे पूर्ण नाव लिहिले. खाली ‘गिरणी कामगार’ असे लिहिले. नातू शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “आजोबा, त्या सिंहाच्या गाण्यावाल्याचं पण नाव लिहा ना.” शेवटच्या पानावर तेही लिहिले आहे.