हुंबरळीचा बेडूक

रायपूर, आषाढ

चि. सोनू,

'कामसूत्रातलं नवं आसन' म्हणून तू पाठवलेली बेडकाची बातमी वाचली. 2016 मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी या बेडकाची अशीच टिंगल केली होती. खरी हकीकत कितीतरी सुरस आहे.

त्याचं नाव बॉम्बे नाइट फ्रॉग, पण मुक्काम सह्याद्रीत: कोयना, महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर. तपकिरी, सुरकुतलेल्या कातडीचा, जेमतेम चार सेंटीमीटरचा हा जीव. पावसाळी रात्री नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. मादीही साद घालते, आणि बेडकांत हे दुर्मीळच.

आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यांत जमणारे पिवळेजर्द बेडूक तुला आठवत असतील. त्यांचा नर मादीला मागून घट्ट कवटाळतो आणि ती अंडी घालेपर्यंत सोडत नाही. सह्याद्रीतला हा नर मादीच्या पाठीवर चढतो, पण मिठी मारत नाही. हात टेकतो ते पानावर नाहीतर फांदीवर. तिच्या पाठीवर शुक्राणू सोडून तो उतरतो. मग ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणाऱ्या शुक्राणूंनी ती फळतात. पुढे टॅडपोल थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून नुसता ओढा राखून भागत नाही, त्यावर झुकलेली झाडंझुडपंही राहायला हवीत.

एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकारी संशोधकांनी कोयनेजवळच्या हुंबरळीच्या जंगलात 40 रात्री जागून हे टिपलं. बेडकांच्या मीलनाच्या सहा पद्धती तोवर ठाऊक होत्या, ही सातवी ठरली.

शास्त्रीय नावातलं 'हुमायुनी' हे हुमायून अब्दुलअलींसाठी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे पक्षितज्ज्ञ. 1955 मध्ये या जातीला त्यांचं नाव मिळालं. त्यांचं ऋण आपल्या डबक्यांतल्या त्या पिवळ्या बेडकांवरही आहे. या बेडकांचे पाय गोठवून परदेशी हॉटेलांत जात. या निर्यातीविरुद्ध अब्दुलअली चिकाटीने झगडले. 1987 मध्ये बंदी आली.

तुझ्या मैत्रिणी अजून हसत असतील, तर त्यांना मूळ शोधनिबंधच वाचायला दे. 'पीअरजे' या नियतकालिकात तो फुकट मिळतो.

तुझी,
मावशी